धरणाची श्रेणी खालची वस्ती ठरवते

६ नोव्हेंबर १९७७ रोजी, मध्यरात्र उलटून दीड वाजण्याच्या सुमारास, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ केली बार्न्स नावाचे मातीचे धरण फुटले. त्याआधी चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. धरणाच्या खाली टोकोआ ओढा १८६ फुटांच्या कड्यावरून धबधब्याच्या रूपाने कोसळतो. या धबधब्याच्या पायथ्याशी, ओढ्याच्या दोन्ही काठांवर, एका बायबल कॉलेजचा परिसर होता. वसतिगृहे, शिक्षकांची घरे आणि विवाहित विद्यार्थ्यांची ट्रेलरमधली बिऱ्हाडे तिथेच होती, आणि सगळे झोपेत होते. नऊ घरे, अठरा ट्रेलर आणि कॉलेजच्या दोन इमारती जमीनदोस्त झाल्या. ओढ्यावरचे पूल गेले. ३९ माणसे मृत्युमुखी पडली. धरण कॉलेजच्याच मालकीचे होते.

आकड्यांत पाहिले तर हे धरण अगदीच किरकोळ होते. उंची ३८ फूट, लांबी ४०० फूट, माथ्याची रुंदी २० फूट, आणि नेहमीच्या पातळीला तलावाचा पसारा ४० एकर. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने त्या काळी तपासणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आखली होती, त्यांत २५ ते ४० फूट उंचीच्या आणि ५० ते १,००० एकर-फूट साठ्याच्या धरणांना ‘लहान’ म्हटले होते. एक एकर जमिनीवर फूटभर पाणी उभे राहिले की ते एक एकर-फूट, म्हणजे सव्वाबारा लाख लिटरच्या आसपास. केली बार्न्स फुटले तेव्हा त्यात सुमारे ६३० एकर-फूट पाणी होते. उंची आणि साठा या दोन्ही कसोट्यांवर ते लहानच ठरते. तरीही अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने नंतर काढलेल्या हिशोबानुसार धरणाच्या खाली लोंढ्याचा जोर सेकंदाला २४,००० घनफुटांपर्यंत, म्हणजे २४,००० क्युसेकपर्यंत गेला होता. खडकवासल्यातून एवढा विसर्ग सोडला की पुण्यात मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो. टोकोआत तेवढे पाणी एका अरुंद ओढ्यात, अंधारात आणि पूर्वसूचनेशिवाय उतरले.

श्रेणी नेमकी कशाची?

धरणाचा आकार ही एक गोष्ट, त्याची प्रकृती ही दुसरी आणि त्याची धोका-श्रेणी ही तिसरी. सामान्य बोलण्यात या तिन्हींची हमखास गल्लत होते. अमेरिकेत धरणांच्या धोक्याच्या तीन श्रेणी आहेत : कमी, लक्षणीय आणि उच्च. धरण फुटले किंवा चुकीच्या पद्धतीने चालवले गेले, तर माणूस दगावण्याचा संभव आहे का, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘होय’ असेल, तर श्रेणी उच्च. मग दगावणारी माणसे किती, याने फरक पडत नाही. एका जिवाचा संभवही पुरतो. जीवितहानीचा संभव नाही, पण रस्ता, वीज, पाणीपुरवठा किंवा पर्यावरणाचे मोठे नुकसान होईल, तर श्रेणी लक्षणीय. आणि नुकसान प्रामुख्याने मालकाच्याच हद्दीत राहणार असेल, तर श्रेणी कमी.

या व्याख्यांमध्ये धरण मजबूत आहे की खिळखिळे, याचा शब्दानेही उल्लेख नाही. चिरेबंद, उत्तम निगा राखलेल्या धरणाखाली एखादे गाव असेल, तर ते उच्च धोक्याचे. गळके, झाडोऱ्याने भरलेले आणि कडा ढासळलेले धरण निर्मनुष्य रानात असेल, तर ते कमी धोक्याचे. धरणाची प्रकृती वेगळ्या रकान्यात नोंदवतात : समाधानकारक, बरी, वाईट, असमाधानकारक किंवा मूल्यांकन झालेले नाही. दोन्ही रकाने एकत्र वाचले, तरच काही बोध होतो. ‘उच्च’ आणि ‘वाईट’ हे शब्द एका ओळीत आले, की अभियंत्याची झोप उडते.

श्रेणी कागदावर राहत नाही. तिच्यावर धरणाचा खर्च ठरतो. अभियंता दलाच्या त्या जुन्या तत्त्वांनुसार लहान आणि कमी धोक्याच्या धरणाच्या सांडव्याने ५० ते १०० वर्षांतून एकदा येणारा पूर सुखरूप वाहून नेला, तरी पुरे. तेवढ्याच उंचीचे धरण उच्च श्रेणीत गेले, की सांडव्याने संभाव्य महत्तम पुराच्या निम्म्यापासून पूर्ण पुरापर्यंत पाणी पेलले पाहिजे. संभाव्य महत्तम पूर म्हणजे त्या पाणलोटात निसर्गाला जास्तीत जास्त जेवढा पाऊस पाडणे शक्य आहे, त्यातून येणारा पूर. भरावाची माती तीच, ओढा तोच, पण सांडवा कितीतरी पट मोठा हवा.

भरावावर भराव

केली बार्न्सचा इतिहास खासगी मालकीच्या असंख्य जुन्या धरणांसारखाच आहे. १८९९ मध्ये ओढ्यावर लाकडी चौकटीत दगड भरून एक बांध घालण्यात आला. छोटे वीजघर चालवणे हा त्याचा उद्देश होता. १९४० च्या सुमारास बायबल संस्थेने विजेसाठी त्याच बांधावर मातीचा भराव घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो आणखी उंच केला गेला. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली. त्यानंतर तलाव उरला तो मासेमारीपुरता आणि विरंगुळ्यापुरता.

अपघातानंतर संघराज्याच्या चौकशी मंडळाने धरणाचे नकाशे शोधले, तेव्हा रचनेचा एकही आराखडा हाती लागला नाही. खालच्या अंगाचा उतार जवळपास एकास एक होता, म्हणजे एक फूट आडवे तर एक फूट उभे. मातीच्या धरणाचा उतार सहसा दोनास एक किंवा त्याहून सौम्य ठेवतात. ओली माती एकास एक उतारावर फार काळ तग धरत नाही. १९७३ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात याच उतारावरचा सुमारे १२ फूट उंच आणि ३० फूट रुंद तुकडा घसरलेला स्पष्ट दिसतो. धरण फुटण्याआधी चार वर्षे तो पुरावा होता. मंडळाला फुटण्याचे एकच एक कारण निश्चित करता आले नाही. तीव्र उतार, जुनी घसरण आणि भरावाखालून जाणारा सखल पातळीवरचा नळ कोसळणे, अशा अनेक शक्यता त्यांनी नोंदवल्या.

माती कशी हरते

मातीचे धरण पाणी अडवते ते मुख्यतः आपल्या वजनाने आणि गाभ्यातल्या चिकणमातीने. पाणी झिरपतेच, ते पूर्ण थांबवता येत नाही. कुशल बांधणारा त्या झिरप्याला ठरलेल्या वाटेने बाहेर काढतो. त्यासाठी गाभ्याच्या मागे वाळूची गाळणी आणि पायथ्याशी दगडी निचरा ठेवतात. पाणी निघून जावे आणि मातीचे कण मात्र जागेवर राहावेत, हे गाळणीचे काम.

ही व्यवस्था तीन प्रकारे मोडते. पहिला प्रकार म्हणजे पाणी माथ्यावरून वाहणे. काँक्रीटचे धरण हे थोडा वेळ सहन करते. माती करत नाही. पाण्याने खालच्या उतारावर एकदा घळ पाडली, की ती मागे मागे खात जाते आणि काही तासांत संपूर्ण भराव चिरला जातो. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण असतो. दुसरा प्रकार आतून पोखरण्याचा. झिरप्यासोबत कण बाहेर पडू लागले, की भरावाच्या पोटात नळीसारखी पोकळी तयार होते आणि ती वरच्या बाजूकडे वाढत जाते. लहान धरणांत याची सुरुवात बहुधा भरावातून जाणाऱ्या गंजलेल्या लोखंडी नळाभोवती होते. कुजलेल्या झाडाच्या मुळांच्या वाटा आणि बिळे करणारे प्राणीही हेच काम करतात. अमेरिकेत मस्करॅट हा घुशीसारखा प्राणी तलावाच्या काठाने भरावात शिरतो. तिसरा प्रकार उतार घसरण्याचा. माती पाण्याने संपृक्त झाली, की तिच्या कणांमधली पकड सुटते आणि मोठा तुकडा खाली येतो.

म्हणून निरीक्षक धरणावर आला, की पाण्याकडे नंतर बघतो. आधी खालच्या पायथ्याने चालतो. आजूबाजूचे गवत वाळलेले असताना एखाद्या पट्ट्यातच ते हिरवेगार का आहे, झाडांची खोडे मुळाशी का वाकली आहेत, माथ्याची रेघ कुठे खचली आहे का, हे तो टिपत जातो. झिरपा दिसला, की काचेच्या बाटलीत थोडे पाणी धरून उजेडात बघतो. पाणी नितळ असेल, तर गळती किती लिटर आहे तेवढे मोजून नोंदवतो. गढूळ असेल, तर धरण आतून वाहून जात आहे, असे समजून तलावाची पातळी उतरवायला घेतात. लाखो रुपयांची उपकरणे नसलेल्या छोट्या खासगी धरणावर ही बाटलीतली परीक्षा आजही पहिली आणि सर्वांत विश्वासाची मानली जाते.

चार वर्षे, आठ हजार धरणे

१९७२ मध्येच अमेरिकी काँग्रेसने देशभरातल्या धरणांच्या तपासणीचा कायदा केला होता. पश्चिम व्हर्जिनियात बफेलो क्रीक इथे कोळसा कंपनीचा बांध फुटून १२५ माणसे मेली, ते हेच वर्ष. पण प्रत्यक्ष तपासणीसाठी पैसा आला नाही. धरणांची यादी तेवढी तयार झाली. टोकोआच्या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी, जे स्वतः जॉर्जियाचे, उच्च धोक्याच्या बिगर-संघीय धरणांची तपासणी ताबडतोब सुरू करण्याचा आदेश दिला. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणे पाहून झाली. त्यांतली जवळजवळ एकतृतीयांश असुरक्षित निघाली. सर्वाधिक आढळलेला दोष अपुऱ्या सांडव्याचा. जॉर्जियाने १९७८ मध्ये धरणसुरक्षेचा स्वतःचा कायदा केला.

आज अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण-सूचीत ९० हजारांहून अधिक धरणे आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत : शेतकरी, गृहसंस्था, क्लब, कारखाने, शाळा. उच्च श्रेणीतली धरणे १६ हजारांहून अधिक. सूचीत शिरण्याचा नियमही श्रेणीवरच बेतलेला आहे. उच्च किंवा लक्षणीय धोक्याचे धरण कितीही बुटके असले, तरी नोंदले जाते. कमी धोक्याचे धरण मात्र २५ फूट उंची आणि १५ एकर-फुटांहून जास्त साठा, किंवा ६ फुटांहून जास्त उंची आणि ५० एकर-फूट साठा, यांपैकी एक जोडी जुळली तरच घेतात. पण सूचीत नाव असणे आणि कुणीतरी येऊन तपासणे, यांत अंतर असते. बहुसंख्य खासगी धरणांवर देखरेख राज्यांची असते आणि प्रत्येक राज्याचा नियम निराळा. मिसुरीत ३५ फुटांहून बुटक्या धरणांना राज्याच्या धरणसुरक्षा कायद्याचा परवाना लागतच नाही.

‘कमी’ म्हटलेले धरण

श्रेणी चुकली तर काय होते, याचे उदाहरण हवाईच्या काउआई बेटावर आहे. उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी १८९० च्या सुमारास बांधलेले का लोको हे मातीचे धरण पुढे खासगी जमीनमालकाकडे आले. ऊस गेला, मळ्यांची जागा बंगल्यांनी आणि छोट्या शेतवाड्यांनी घेतली, पण कागदावर धरण ‘कमी धोक्याचे’ राहिले. राज्याच्या निरीक्षकांनी त्याची कधी तपासणी केलेली नव्हती. १४ मार्च २००६ च्या पहाटे, दीर्घ मुसळधार पावसात ते फुटले आणि खालच्या अंगाला राहणारी सात माणसे लोंढ्यात गेली. राज्याने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत मुख्य प्रश्न सांडव्याचा निघाला : तो मातीने बुजवला गेला असावा, असा निष्कर्ष अहवालात आहे. मालकावर फौजदारी खटला चालला आणि २०१४ मध्ये त्याला सात महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. दरम्यान २००७ मध्ये हवाईने धरणसुरक्षेचा कायदा नव्याने केला.

का लोकोची भिंत शंभरएक वर्षे होती तिथेच होती. बदलले ते खालचे खोरे. अभियंते याला धोक्याची सरकती चढण मानतात : मालकाने कुदळही न मारता, खाली कुणी घर बांधले म्हणून, त्याचे धरण वरच्या श्रेणीत जाते. नवा सांडवा, दरवर्षीची तपासणी आणि आपत्कालीन कृती-आराखडा यांचा खर्च त्याच्या माथी येतो. घर बांधणाऱ्याला परवानगी दुसऱ्याच कार्यालयाने दिलेली असते. बहुतेक ठिकाणी बांधकामाचा परवाना देणाऱ्याच्या टेबलावर धरणफुटीचा नकाशा नसतो.

उलट, श्रेणी बरोबर असली म्हणजे धरण टिकतेच असेही नाही. मिशिगनमधले खासगी कंपनीचे इडनव्हिल धरण उच्च श्रेणीतच होते. सांडवा अपुरा म्हणून संघीय ऊर्जा नियामकाने २०१८ मध्ये त्याचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला होता. १९ मे २०२० रोजी ते फुटले. पण धोका आधीच माहीत असल्यामुळे सुमारे दहा हजार लोकांना वेळेत हलवले गेले आणि एकही बळी गेला नाही. श्रेणीने भराव वाचला नाही, माणसे वाचली.

फुटले तर भरपाई कुणाची?

खासगी धरण फुटले तर मालक किती जबाबदार, हा कायद्यातला जुना तंटा आहे, आणि त्याचे मूळ एका लहान खासगी तलावातच आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने तलाव बांधला. पाणी जुन्या खाणीच्या विवरांतून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरले. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६८ मध्ये ठरवले की आपल्या जमिनीवर धोकादायक वस्तू साठवणाऱ्याने ती बाहेर पडली तर नुकसान भरून द्यावे, मग हलगर्जी झालेली असो वा नसो.

हाच नियम भारतात लावण्याचा प्रयत्न सहा वर्षांत झाला. आजच्या आंध्र प्रदेशातल्या कार्वेटिनगरमच्या जमीनदाराचे सिंचन तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. कंपनीने भरपाई मागितली. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती नाकारली. हे तलाव फार प्राचीन, लोकांच्या शेतीला आवश्यक आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच. म्हणून हलगर्जी सिद्ध झाल्याशिवाय तो जबाबदार नाही, असा निवाडा झाला. पुढे १९८६ मध्ये दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी रायलंड्सपेक्षाही कडक, संपूर्ण उत्तरदायित्वाचे तत्त्व घालून दिले.

भारताचा धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो खासगी मालकांनाही लागू आहे आणि धरणांची धोक्यानुसार वर्गवारी करण्याची जबाबदारी राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेवर टाकतो. पण आधी धरण ‘विनिर्दिष्ट’ ठरावे लागते. १५ मीटरपेक्षा उंच असेल तर ते आपोआप ठरते. १० ते १५ मीटरमध्ये असेल तर पुढच्यांपैकी एक अट पुरी व्हावी लागते : माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, हाताळायचा पूर सेकंदाला किमान २,००० घनमीटर, पायाची विशेष अडचण किंवा रचनेचे वेगळेपण.

केली बार्न्सला ही फूटपट्टी लावून पाहावी. उंची ३८ फूट, म्हणजे साडेअकरा मीटरच्या आसपास. लांबी १२२ मीटर. फुटताना साठा पावणेआठ लाख घनमीटर. पहिल्या तिन्ही अटींत ते बसत नाही. लाकडी चौकटीच्या बांधावर चढवलेला भराव ही ‘वेगळी रचना’ आहे, असे कुणी मुद्दाम ठरवले असते, तरच ते या कायद्याच्या कक्षेत आले असते. खाली किती माणसे राहतात, हा प्रश्न या पायरीवर विचारलाच जात नाही. तो विचारला जातो धरण कक्षेत आल्यानंतर.

देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, आणि त्याहून कितीतरी जास्त पाझर तलाव, गावतलाव आणि मातीचे नालाबांध या मर्यादेच्या खाली येतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे इथले मातीचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा वस्ती धरणाच्या थेट खाली होती आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. ते धरण सरकारी होते. पण खासगी असो वा सरकारी, मातीला मालक कळत नाही. उंची आणि साठा एकदा मोजला की वर्षानुवर्षे तोच राहतो. खालच्या ओढ्याकाठी किती चुली पेटतात, ही नोंद मात्र दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते. आणि लहान बांधांच्या बाबतीत आज ती करण्याची सक्ती या कायद्याने कुणावरच नाही.